फोन बदलताय, की बिऱ्हाड?

(गिरगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘कोणता मोबाइल घ्यावा’ असा छापलाय. मी त्याच्या अलीकडच्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. फोन बदलायची वेळ आली की आहे त्याच कंपनीचा पुढचा घ्यावा, की कंपनीच बदलावी? लॅमिंग्टन रोडला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे लोक माझ्याकडे फोन घेण्याआधी येत नाहीत, घेऊन झाल्यावर येतात. ‘दादा, नवा घेतला, पण जुन्यातलं व्हॉट्सअ‍ॅप काही आलं नाही.’ आज जे काही सांगेन ते त्या बाजूनं सांगेन. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे शोरूममधला मुलगा माझ्यापेक्षा छान सांगतो.

‘कंपनी बदलणं’ म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. सॅमसंगवरून विवो, विवोवरून मोटोरोला, हे सगळे अँड्रॉइड. म्हणजे त्याच चाळीत खोली बदलणं. नळ तोच, जिना तोच, शेजारीही तेच. अँड्रॉइडवरून आयफोनकडे किंवा तिकडून इकडे येणं म्हणजे गिरगावातलं बिऱ्हाड विरारला हलवणं. विरारमध्ये वाईट काही नाही, पण दूधवाल्यापासून शाळेपर्यंत सगळं नव्यानं लावायचं असतं. आपल्या देशात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइडवर चालतात, म्हणजे बहुतेकांचा प्रश्न खोली बदलण्याचाच आहे. तरी काळजी मात्र बिऱ्हाड हलवण्याची करतात.

अँड्रॉइडमधल्या अँड्रॉइडमध्ये जाणार असाल तर कंपनीवरच्या निष्ठेला माझ्या मते काही अर्थ नाही. याच रस्त्यावर ‘आम्ही नोकियाशिवाय दुसरं काही वापरत नाही’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. २०१४ मध्ये नोकियानं मोबाइलचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकला. ब्लॅकबेरीवाले तर त्याहून कट्टर, अंगठ्यानं खटाखट टाइप करणारे. ४ जानेवारी २०२२ ला त्या जुन्या फोनांच्या सेवा बंद झाल्या. एलजीनं २०२१ मध्ये फोन बनवणंच सोडून दिलं. आपण कंपनीला धरून बसतो, कंपनी आपल्याला धरून बसलेली नसते. तेव्हा अशा वेळी दोनच गोष्टी विचारा. घरापासून जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, आणि सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार? बाकी सगळं तुमच्या खिशावर आणि आवडीवर.

त्याच्याही आधी एक. फोन खरंच बदलायचाय का? ‘स्लो झालाय, आता दुसऱ्या कंपनीचा घेतो’ म्हणणाऱ्या बऱ्याच गिऱ्हाइकांना मी आधी बॅटरी बदला म्हणतो. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की तिला एकदम जोराचा करंट देता येत नाही, आणि फोन अचानक बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरनंच कमी केला जातो, हे अ‍ॅपलनं डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि बॅटरी बदलण्याचा दर कंपनीला उतरवावा लागला. म्हणजे ‘कंपनी वाईट’ असा निकाल आपण देतो तेव्हा दोष कधीकधी एका सुट्या भागाचा असतो.

बरं, बॅटरी झाली, स्टोरेज रिकामं करून झालं, तरीही अँड्रॉइड आणि आयफोनमधली भिंत ओलांडायचीच आहे. मग मुख्य गोष्टीकडे येऊ. ती म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप.

अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, आयफोनवर तो आयक्लाउडमध्ये. ही दोन गोदामं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे आयफोनवर नंबर टाकून ‘रिस्टोअर’ शोधत बसलात तर तो पर्याय सापडणारच नाही. पूर्वी यावर अधिकृत उपायच नव्हता. २०२१ मध्ये आयफोनवरून सॅमसंगवर चॅट नेण्याची सोय आली, त्याच वर्षी गूगलच्या पिक्सेलवर, आणि २०२२ मध्ये अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची. त्यासाठी अ‍ॅपलचंच ‘मूव्ह टू आयओएस’ हे अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर घ्यायचं. पण अट अशी, की नवा आयफोन कोरा पाहिजे. खोका उघडल्यावर ‘हॅलो’ येतं, तिथूनच हे काम सुरू करायचं. लोक काय करतात? उत्साहात फोन चालू करतात, फोटो काढतात, नव्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडून ‘नवा फोन’ असं स्टेटस टाकतात आणि चार दिवसांनी माझ्याकडे येतात. मग नवा फोन पुन्हा कोरा करून सगळं पहिल्यापासून.

एक गृहस्थ आले होते, सोसायटीचे सेक्रेटरी. इमारत रिडेव्हलपमेंटला गेलेली. बिल्डरनं भाड्याबद्दल, कार्पेट एरियाबद्दल जे काही कबूल केलं होतं ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यांनी आयफोन ऑनलाइन मागवला होता, एक्स्चेंजमध्ये. आता एक्स्चेंजची पद्धत लक्षात घ्या. डिलिव्हरीवाला दारात उभा असतो, त्याला पुढची दहा पार्सलं टाकायची असतात. तो नवा खोका देतो आणि जुना फोन तिथल्या तिथे मागतो, लॉक काढून, अकाउंट काढून. तुमच्याकडे दोन्ही फोन एकाच वेळी असतात ते फक्त उंबऱ्यावर, पाच मिनिटं. डेटा नेण्याचं काम मात्र चॅट जड असतील तर दोन-दोन तास चालतं. सेक्रेटरींचा जुना फोन गेला, आणि त्याबरोबर बिल्डरचे शब्दही. ड्राइव्हवर बॅकअप होता म्हणून वाचले. घरातला एक अँड्रॉइड रिकामा करून त्यावर चॅट आधी उतरवावे लागले आणि मग तिथून पुढे.

म्हणून भिंत ओलांडणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की एक्स्चेंजच्या हजार-दोन हजारांच्या बोनसला भुलू नका. जुना फोन महिनाभर कपाटात ठेवा. नंतर विका, थोडे कमी मिळतील. आणि ज्या संभाषणाला कागदपत्राची किंमत आहे ते ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून ईमेलवर आजच पाठवून ठेवा. त्यासाठी फोन बदलायची वाट कशाला पाहायची?

दुसरी गोष्ट पैशाची. यूपीआय सिमला आणि हँडसेटला बांधलेलं असतं. नव्या फोनवरून बँकेला एक एसएमएस जातो, तेव्हा कुठे नोंदणी होते. त्यानंतर पहिला एक दिवस बँका साधारण पाच हजारांपर्यंतच व्यवहार होऊ देतात, आयफोनवर काही बँकांत हा काळ तीन दिवसांचा असतो. चोरानं तुमचा नंबर पळवला तर खातं रिकामं होऊ नये म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण सेल लागतात ते सणांच्या तोंडावर. चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोन बदललात आणि मखरवाल्याला, कोकणातल्या गाडीवाल्याला पैसे द्यायचे राहिलेत, तर रोख काढून ठेवा.

यात ई-सिमची, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच असलेल्या सिमची, भर पडते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनांत एकच सिमकार्ड बसतं, दुसरा नंबर ई-सिमवर घ्यावा लागतो. दोन कार्डांवाल्या अँड्रॉइडची सवय असलेल्यांना हे दुकानात कोणी सांगत नाही. आणि सिम बदललं की नियमाप्रमाणे २४ तास एसएमएस बंद राहतात. म्हणजे ओटीपी नाही, आणि यूपीआयच्या नोंदणीचा एसएमएसही नाही. तेव्हा बँकेला दिलेला नंबर आहे त्या कार्डावरच राहू द्या, आणि दुसरा, तो डिस्काउंटवाल्यांना दिलेला, ई-सिमवर न्या. शेअर बाजारवाल्यांनी ऑथेंटिकेटरकडे, म्हणजे लॉगिनसाठी बदलते कोड देणाऱ्या अ‍ॅपकडे, आधी बघावं. काही ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा बॅकअप अँड्रॉइडवरून आयफोनवर उतरतच नाही. लोकलचा मोबाइलवरचा पासही हँडसेटला बांधलेला असतो, आणि स्क्रीनशॉट टीसी मानत नाही. पास संपायला आला असेल तेव्हा फोन बदलणं सोयीचं.

आता जरा भिंत कोणी बांधली ते बघू, कारण ती आपोआप उभी राहिलेली नाही. एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीनं अ‍ॅपलवर अमेरिकेत खटला भरला, त्यात २०२१ मध्ये अ‍ॅपलचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. आयमेसेज, म्हणजे आयफोनवाल्यांची आपसातली मेसेजची सोय, अँड्रॉइडवर आणावं का, यावर मोठ्या अधिकाऱ्यांची चर्चा होती. क्रेग फेडेरिगी यांचं २०१३ मधलं म्हणणं असं, की तसं केलं तर आयफोन वापरणारी कुटुंबं मुलांना अँड्रॉइड घेऊन देतील, त्यांच्या वाटेतला अडथळाच निघून जाईल. फिल शिलर यांनी २०१६ मध्ये लिहिलं, की त्यातून आपला फायद्यापेक्षा तोटाच जास्त. फक्त अ‍ॅपलच असं करतं, असं नाही. अ‍ॅपलचं घड्याळ अँड्रॉइडला जोडत नाही, तसं सॅमसंगचं २०२१ पासूनचं घड्याळही आयफोनला जोडत नाही. मनगटावर आधीच काही बांधलं असेल तर फोनच्या किमतीत तेही धरा.

गंमत अशी, की अमेरिकेतली ती भिंत आपल्याकडे फारशी कामाची नाही. इथे आयमेसेज वापरतो कोण? घरचे, शाळेचे, सोसायटीचे सगळे ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर. आपल्याकडची भिंत वेगळीच आहे, आणि ती मला माझ्या गिऱ्हाइकांनी शिकवली. अडलं की तुम्ही कोणाला फोन लावता? मुलगा पुण्यात, त्याच्याकडे अँड्रॉइड. त्यानं हौसेनं आईला आयफोन घेऊन दिला. आता आई विचारते, ‘अरे, मागे जायचं बटण कुठाय?’ आणि त्यालाच ठाऊक नाही. मग त्या काकू बस पकडून माझ्याकडे येतात. म्हणून साठीच्या पुढच्यांना मी कंपनी विचारतच नाही. घरात शिकवणारं माणूस कोण आणि त्याच्या हातात काय आहे, तोच फोन घ्या. नात बेस्ट, नातवाचा नंबर त्यानंतर, कारण नातू स्वतःच करून देतो आणि शिकवत नाही. (हशा)

लहानसहान गोष्टी भराभर सांगतो. आयफोनचे फोटो ‘हेइक’ नावाच्या प्रकारात साठतात, सरकारी फॉर्मला जेपीजी लागतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करा, झालं. कॉल रेकॉर्डिंग आयफोनवर २०२४ पासून आहे, पण समोरच्याला तशी घोषणा ऐकू जाते. गूगलच्या फोन अ‍ॅपमध्येही तसंच. चार्जरची भांडणं मिटत आलीत, आयफोन १५ पासून त्यालाही टाइप-सी आहे. मात्र ८० वॉटवाल्या अँड्रॉइडचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला लावलात तर तो वेग मिळेलच असं नाही. विकत घेतलेली अ‍ॅप भिंतीपलीकडे येत नाहीत.

‘महाग फोन जास्त टिकतो, म्हणून स्वस्तच पडतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. हिशोब करू. वीस हजारांचा फोन तीन वर्षं वापरला तर वर्षाला साधारण सहा हजार सातशे. सत्तर हजारांचा सात वर्षं वापरला तर वर्षाला दहा हजार, आणि मध्ये एक बॅटरी. म्हणजे स्वस्त पडत नाही. महाग फोन घ्यायची कारणं दुसरी असू शकतात आणि ती खरीही असतात, पण काटकसरीचं नाव त्याला देऊ नका. वर्षं मात्र आता दोन्हीकडे वाढली आहेत. पिक्सेल ८ पासून गूगलनं आणि गॅलॅक्सी एस२४ पासून सॅमसंगनं सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. आयफोन एक्सएस २०१८ चा, त्याला २०२४ मधलं आयओएस १८ मिळालं. त्यामुळे नुसत्या अपडेटसाठी आयफोनकडे जाण्याचं जुनं कारण महागड्या गटात उरलेलं नाही. स्वस्त अँड्रॉइडमध्ये ते अजून आहे. तिथे खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर वर्षं छापलेली नसतील तर दुकानदाराच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.

प्रश्न आला आहे: ‘आयफोन घ्यायचाय, बजेट नाही, जुना घेतला तर?’

घ्या, पण चालू करून, हातात घेऊन. आधीच्या मालकाला तुमच्यासमोर त्याचं अ‍ॅपल अकाउंट काढायला लावा आणि फोन रीसेट करायला लावा. रीसेटनंतर त्याचाच पासवर्ड मागत असेल तर तो फोन तुमच्या उपयोगाचा नाही, आम्हीही उघडू शकत नाही. सेटिंगमधल्या ‘अबाउट’मध्ये पार्ट्सची माहिती येते, डिस्प्ले किंवा बॅटरी बदललेली असेल तर बहुधा तिथे दिसते. त्या मॉडेलला अपडेटची किती वर्षं उरली ते बघा. पाच वर्षं जुना घेतलात तर तुम्ही शेवटची एक-दोन वर्षं विकत घेताय. मग डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल. तो केवायएम लिहून, मध्ये जागा सोडून, १४४२२ वर पाठवा, किंवा सरकारच्या संचार साथी साइटवर टाका. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर तिथे कळतं. उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका, आणि बिल मागा. विकणारा ‘बिल घरी आहे’ म्हणाला, तर त्याच्या घरापर्यंत जायची तयारी दाखवा.