झिरो नाही मारत आता

(दृश्य: दादरची गल्ली. अर्धं ओढलेलं शटर.)

सोमवार. कुत्र्यांचं पार्लर बंद. तरी आत ट्यूबलाइट चालू आहे आणि टेबलावर एक शित्झू, लांब केसांचा छोटा कुत्रा, उभा आहे. त्याच्याभोवती तिघं: पार्लरचा मालक, डोंबिवलीहून लवकरची लोकल पकडून आलेली एक मुलगी, आणि स्कूटरवर ड्रायर बांधून घरोघरी कुत्र्यांना अंघोळ घालणारा एक जण. आज गिऱ्हाईक नाही, आज शिकवणी आहे. शित्झू मालकाच्या घरचाच. बिस्किटांवर काम करतोय.

मालक हे काम बारा वर्षांपूर्वी शिकला. तीन महिन्यांचा कोर्स, भिंतीवर सर्टिफिकेट, संपलं. जनावरांच्या डॉक्टरांसाठी १९८४ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. कुत्र्याचे केस कापायला यातलं काही लागत नाही. क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, घेतला की झाला ग्रूमर. पुढे शिकायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनावर. आणि खिशावरही.

(दृश्य: शित्झूचा कान, जवळून.)

त्या कोर्समध्ये शिकवलं होतं, कानातले केस दर वेळी उपटायचे. पावडर टाकायची, चिमट्यात धरायचे, ओढायचे. कित्येक वर्षं त्यानं तेच केलं. पण कान निरोगी असताना उगाच केस ओढले, तर आतली नाजूक कातडी दुखावते, सुजते, आणि जंतूंना आयती जागा मिळते. म्हणून आता तो कान आधी बघतो, मग चक्क हुंगतो. वास येत असेल, कुत्रा सारखं डोकं झटकत असेल, तर चिमटा खाली आणि कुत्रा डॉक्टरकडे. हात चालवायला तो तीन महिन्यांत शिकला होता. थांबवायला बरीच वर्षं गेली.

मुलगी क्लिपर बंद करून ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवते. तिथं चटका बसला, तर कुत्र्याच्या पोटालाही बसणार. ब्लेडचा हिशोब उलटा असतो: नंबर वाढला की केस कमी राहतात. दहा नंबर साधारण दीड मिलिमीटर ठेवतो. चाळीस नंबर ऑपरेशनआधी जागा साफ करायला वापरतात. नवखा माणूस हमखास गोंधळतो तो इथेच.

स्कूटरवाला कालपरवापर्यंत लहान बाळांचा शाम्पू वापरायचा. बाळाला चालतो तर कुत्र्याला का नाही, असं त्याचं म्हणणं. माणसाची कातडी जास्त आम्लधर्मी, कुत्र्याची तेवढी नाही, हे त्याला इथंच कळलं. बाटली बदलली.

पण मुंबईत सगळ्यात जास्त अभ्यास करायला लावतात ते पावसाचे चार महिने. हवेतच ओल, त्यात अंगावर जटा. वरून कुत्रा कोरडा दिसतो. जटेखाली बोट घाला, कातडी दमट, लाल, आंबूस वासाची. तिथं यीस्ट नावाची बुरशी वाढते. बोटांच्या बेचक्यांत गोचीड लपते, आणि तिच्यातून तापाचे आजार येतात. गोल, केस गळालेला चट्टा दिसला तर हातमोजे घालायचे, कारण नायटा माणसालाही होतो. बरं, ओल जावी म्हणून ड्रायर जोरात लावावा, तर पग किंवा शित्झूसारखी चपट्या नाकाची कुत्री गरम हवेत धापा टाकू लागतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापांवाटे, आणि यांचं नाकच आखूड. म्हणून हवा गार, वेळ जास्त, आणि पिंजऱ्यात ड्रायर लावून चहाला जायचं नाही. कधीच नाही.

(दृश्य: परळ स्टेशन, जिना.)

दादरच्या पुढचं स्टेशन परळ. तिथं १८८३ पासून बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल आहे आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय कॉलेजही. इतकं जुनं ज्ञान एका स्टेशनावर. या टेबलापर्यंत ते येतं कसं? ओळखीच्या डॉक्टरला मोबाइलवर फोटो पाठवून, "सर, हे काय असेल?" विचारून. मला हे खटकतं. त्या तिघांना नाही. सर उत्तर देतात, एवढ्यावर ते खूश आहेत.

(दृश्य: मंगळवार. शटर पूर्ण वर.)

पहिलं गिऱ्हाईक, एक काकू आणि त्यांचा पॉम, म्हणजे पॉमेरेनियन कुत्रा.

"झिरो मारून टाक रे याला. किती उकडतंय!"

"काकू, पॉमला झिरो नाही मारत आता."

"अरे, मागच्या मे महिन्यात तूच मारलास ना?"

पॉमच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ लोकर, वर राठ केस. ऊन अडवतात ते वरचे. मुळापासून काढले, तर लोकर आधी वाढते आणि राठ केस कधी कधी महिनोन् महिने परततच नाहीत.

मालक पॉमला वळवतो. कमरेजवळचे केस बोटांनी बाजूला करतो. तळहाताएवढी जागा अजून विरळ आहे.

"म्हणजे हे तुझ्यामुळे?"

"हो काकू. माझ्यामुळेच."

तो मोठ्या दातांचा कंगवा उचलतो. काकू काहीच बोलत नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसतात.