चकली, वायसर आणि भिंतीतली चूक

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

घरातील दुरुस्ती स्वतः करावी की कारागीर बोलवावा, हा विषय मी सुचवला तेव्हा चिटणीसांनी मला दोनदा विचारले की यावर पाऊण तास बोलण्यासारखे काही आहे का. मी एकतीस वर्षे एका कारखान्याच्या देखभाल विभागात काढली असल्यामुळे माझी अडचण नेमकी उलटी आहे, आणि म्हणूनच घड्याळ माझ्याऐवजी अध्यक्षांच्या समोर ठेवावे अशी विनंती मी आधीच करून ठेवली आहे. देखभाल विभागातील माणसाच्या घरात नळ गळणे हा शेजाऱ्यांच्या दृष्टीने विनोद असतो आणि घरच्यांच्या दृष्टीने पुरावा असतो, त्यामुळे या विषयात मी तटस्थ आहे असे कोणी समजू नये.

सुरुवात निदानापासून करतो. आपल्या बडोद्याच्या मराठीत नळाला चकली म्हणतात, हे या सभागृहात सांगावे लागत नाही. पण माझी पुण्याची मेव्हणी एकदा दिवाळीनंतर आमच्याकडे आली असताना सौभाग्यवती तिला म्हणाली की मागच्या अंगणातली चकली बिघडली आहे, तेव्हा तिने वस्तू न पाहता तत्काळ सांगितले की मोहन जास्त पडले असणार. आपण हसलात; परंतु वस्तू न पाहता निदान सांगण्याची ही रीत केवळ माझ्या मेव्हणीची नाही. छताचा पंखा हळू फिरू लागला की तो खाली न उतरवताच 'वाइंडिंग गेले' असे सांगणारे तज्ज्ञ आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा गेलेला असतो तो अडीच मायक्रोफॅरडचा एक लहानसा कपॅसिटर, जो शंभर रुपयांच्या आत मिळतो.

येथे माझी एक जुनी तक्रार नोंदवतो. महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केले, त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनशास्त्रज्ञ त्याच्या प्रमुखपदी बसवला, आणि डोके व हात यांचे शिक्षण एकाच छपराखाली व्हावे अशी व्यवस्था केली. पुढे चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके तेथे शिकले. आणि आपण, ज्यांचे आजे-पणजे गायकवाड सरकारच्या दप्तरात लेखणी चालवत होते, ते आजही पान्हा हातात घेताना इकडेतिकडे पाहून घेतो. आमच्या लहानपणी दांडिया बाजारात एखादा ब्राह्मण गृहस्थ स्वतःच्या सायकलचे पंक्चर काढताना दिसला, तर त्याची परिस्थिती बिघडली असावी असा लोक अंदाज करीत. आता परिस्थिती दुसऱ्या टोकाला गेली आहे: मोबाइलवर आठ मिनिटांची चित्रफीत पाहून माणसे न्हाणीघराची भिंत फोडायला घेतात. मी या दोन्ही पक्षांत राहून आलो आहे, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही.

कारेलीबागेतले आमचे घर १९८६ चे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी भिंत सामाईक असलेले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लोखंडी जीआय पाइप भिंतीत गाडलेले आहे. २०१७ च्या मे महिन्यातील एका रविवारी वॉशबेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाणी घेणारा छोटा नळ, ठिबकतो असे माझ्या लक्षात आले. गच्चीवर जाऊन मी टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे त्याचे चाक ते फिरेनासे होईपर्यंत फिरवले. खाली येऊन नळ उघडला तर करंगळीएवढी धार चालू होती, आणि पाइपात उरलेले पाणी निघून जात असेल असे मी स्वतःला समजावले. एकतीस वर्षे दुसऱ्यांना 'आधी शून्य दाब पाहा, मग पान्हा लावा' असे बजावणारा मी, रविवारच्या दिवशी आपलाच नियम स्वतःला लागू नाही असे मानून कॉकला पान्हा लावला. पहिल्या हिसक्याला कॉक हलला नाही. दुसऱ्या हिसक्याला तो इतक्या सहज फिरला की मला आनंद झाला, आणि तो आनंद सुमारे एक सेकंद टिकला, कारण फिरला होता तो कॉक नव्हताच. त्याच्या मागचा गंजलेला निपल, म्हणजे कॉकला भिंतीतल्या पाइपाशी जोडणारा आटेदार तुकडा, भिंतीच्या आत तुटला होता.

हजार लिटरच्या टाकीतील पाणी अर्ध्या इंचाच्या भोकातून कसे येते, याचे वर्णन मी करीत नाही. मी भोकावर अंगठा दाबून धरला, आणि त्यामुळे मला तेथून हलता येईना. गच्चीवरील व्हॉल्व्हचा दांडा फिरत होता, पण आतली चकती अर्ध्यातच अडकली होती, हे नंतर कळले. सौभाग्यवतीने परिस्थिती पाहिली, एकही प्रश्न विचारला नाही, आणि स्वयंपाकघरातून लाटणे आणून त्याच्या निमुळत्या टोकाला जुन्या पंचाची चिंधी गुंडाळून ते भोकात ठोकून बसवले. पाणी थांबले. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या झाल्या नाहीत, कारण लाटणे भिंतीत होते.

दुपारी प्लंबर आला. तो माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याने लाटण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला, "काका, आ तमारुं काम नथी," म्हणजे हे तुमचे काम नव्हे. मला ते लागले, पण त्यानंतर त्याने जे केले ते पाहण्यासारखे होते. तो न्हाणीघरात थांबला नाही, सरळ गच्चीवर गेला, टाकीत हात घालून बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला, आणि खाली येऊन धार पूर्ण आटेपर्यंत बसून राहिला. मग हॅकसॉच्या पात्याचा तुकडा चिंधीत धरून त्याने अडकलेल्या निपलला आतून दोन चिरा पाडल्या, त्या पाडताना बाहेरच्या आट्यांना पाते लागू दिले नाही, छिन्नीने मधला तुकडा आत दुमडला आणि चिमट्याने ओढून काढला. वीस मिनिटे लागली. त्याने चारशे रुपये घेतले, आणि लाटणे धुऊन परत दिले.

ही हकीकत मी अनेक ठिकाणी सांगितली आहे, आणि ऐकणारा प्रत्येक जण तिच्यातून 'स्वतः करू नये' असा निष्कर्ष काढतो. तो मला मान्य नाही. ती चूक माझ्या हातून झालेल्या उत्तम चुकांपैकी एक होती. ती त्याच क्षणी दिसली, माझ्यासह सर्वांना दिसली, आणि संध्याकाळपर्यंत चारशे रुपयांत निस्तरली. माझ्या खऱ्या चुकीत पाण्याचा एक थेंबही जमिनीवर पडला नाही.

दोन वर्षांनी आम्ही त्या न्हाणीघरातील जुने पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, पाइप बसवले. सांधे कारागिरानेच चिकटवले होते. फक्त शॉवरच्या नळाचे पितळी तोंड प्लास्टिकच्या एल्बोत, म्हणजे वळणावरच्या जोडात, बसवायचे राहिले होते, तो त्या दिवशी लवकर गेला, आणि मला राहवले नाही. मी टेफ्लॉन टेपचे बारा-पंधरा वेढे दिले आणि लोखंडी पाइपाला कसायची सवय असलेल्या हाताने पान्हा शेवटपर्यंत कसला. पाणी सोडले, एक थेंब आला नाही, आणि मी सौभाग्यवतीला बोलावून ते कोरडेपण दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यावर टाइल बसल्या.

आठ महिन्यांनी शेजारच्या भाईंच्या बैठकीच्या भिंतीवर, बरोबर देव्हाऱ्याच्या शेजारी, रंगाला फुगवटा आला. दिवस श्रावणाचे होते, तेव्हा पावसाची ओल असणार असे सर्वांनी ठरवले आणि मीही मान डोलावली. त्यांनी वॉटरप्रूफिंगवाला बोलावला. त्याने गच्ची पाहिली नाही, माझे घर पाहिले नाही, विचारले काहीच नाही. त्याने फुगलेला रंग खरवडला, भिंतीला आतून रसायनाचे दोन हात दिले, वर पुट्टी आणि रंग लावला, अठरा हजार रुपये घेतले आणि गेला. पौषात, म्हणजे आकाशात ढग नसताना, फुगवटा परत आला. पावसाची ओल पाऊस संपल्यावर वाळते. बाराही महिने राहणारी ओल बहुधा पाइपाची असते, हे मला माहीत होते. तरी ते मला त्या दिवशीच आठवले, कारण तोपर्यंत आठवण्याची माझी इच्छा नव्हती.

रात्री घरातील सर्व नळ बंद केले, टाकीत येणारे पाणी अडवले आणि टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली. सकाळी पाणी चार बोटे खाली होते. टाइल फोडली तेव्हा एल्बोच्या तोंडाला केसाएवढी उभी चीर दिसली. पितळाचा आटा प्लास्टिकमध्ये पाचरीसारखा काम करतो. आपण जितका कसू तितके बाहेरचे प्लास्टिक ताणले जाते, ते त्या दिवशी फुटत नाही, काही महिन्यांनी फुटते. भाईंकडे जाऊन मी सगळे सांगितले. ते म्हणाले, "चाले हवे, काका," म्हणजे चालायचेच आता, आणि त्यांच्या पत्नी काही म्हणाल्या नाहीत. रंगाचा खर्च मी दिला. त्या भागाची छटा बाकीच्या भिंतीशी आजही जुळत नाही, आणि मला ते नेहमी त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसवतात.

आता मला मुद्द्यावर आले पाहिजे, कारण अध्यक्षांनी पहिली चिठ्ठी पाठवली आहे आणि तिच्यावर 'दहा' असा आकडा आहे.

काम सोपे की अवघड, स्वस्त की महाग, यावरून ते कोणी करायचे हे ठरवणे मी सोडून दिले आहे. निपल काढणे अवघड होते आणि शॉवरचे तोंड बसवणे पोरखेळ होता. तरीही मी करायला हरकत नव्हती ते पहिले काम, आणि करू नये असे होते ते दुसरे. मी आता एवढेच विचारतो की यात चूक झाली तर ती कधी दिसेल आणि कोणाच्या घरात दिसेल. नळाचा वायसर, म्हणजे वॉशर, चुकीचा बसला तर नळ लगेच ठिबकतो. तो आपण बदलावा आणि चुकला तर पुन्हा बदलावा. टाइलच्या मागे, छताच्या वर, वायरच्या नळीत किंवा शेजाऱ्याच्या बाजूला जाऊन जी चूक बसते, ती ज्याच्याकडे लपलेले दाखवणारे साधन आहे अशा माणसाची असली पाहिजे. चांगला प्लंबर टाइल बसण्यापूर्वी पाइपात पंपाने दाब भरतो आणि काही तास दाबमापकाचा काटा उतरतो का ते पाहतो. चांगल्या वायरमनजवळ मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का ते दाखवणारे यंत्र, असतो. ते साधन नसेल किंवा असूनही वापरले जात नसेल, तर तोही माझ्यासारखा हौशीच समजावा, आणि पैसे द्यायचे ते काटा पाहिल्यानंतर.

विजेच्या बाबतीत ही रेषा कायद्याने फार पूर्वी आखली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्याची मोकळीक दिली, परंतु ज्या कामाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलते ते परवानाधारक ठेकेदाराकडे ठेवले. त्यामुळे मुख्य वीज बंद करून आणि टेस्टरने खात्री करून कपॅसिटर आपण खुशाल बदलावा, पण स्वयंपाकघरातील पॉइंट वाढवून त्यावर गिझर लावू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घरात आले, तेव्हा आमच्या ओळखीतील कित्येकांनी बोर्ड उघडून केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवले, दिवा लागला आणि ते समाधानी झाले. बोर्ड वाळतो; भिंतीतल्या नळीत उभे राहिलेले पाणी त्या गरम हवेने वाळत नाही, आणि ते डोळ्यांना न दिसता मेगरलाच दिसते. मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, आहे का, आणि त्यावरचे चाचणीचे बटण दाबल्यावर तो खरोखर पडतो का, हे मात्र प्रत्येकाने स्वतः आणि वरचेवर पाहावे. त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही.

दुसरी चिठ्ठी आली आहे. ओलीचे निदान घाईने सांगतो. भिंतीवर पॉलिथिनचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या अंगाला दव जमले तर ओल भिंतीतून येते आहे, आणि खोलीकडच्या अंगाला जमले तर हवेतली आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास कोणी वापरू नये. भांड्यात रंग उतरला तर आतले रबर गेले. हे निदान आपण करावे, मग काम कोणीही करो, कारण माझ्या शेजाऱ्यांचे अठरा हजार निदानाशिवाय गेले आणि ते निदान त्या महिन्यात भिंतीच्या अलीकडे गप्प बसले होते. गॅसच्या नळीवर वर्ष छापलेले असते, ते घरी गेल्यावर वाचावे, आणि पाच वर्षे उलटली असतील तर नळी बदलून घ्यावी.

गिझर राहिला. अध्यक्ष उभे राहिले आहेत, म्हणून एकच सांगतो. साठवणीच्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडतात. पाणी तापले की फुगते आणि वाढलेला दाब तेथून बाहेर पडतो. ती गळती समजून तेथे बूच ठोकणारे दोन गृहस्थ मला माहीत आहेत, आणि त्यांपैकी एक आज समोरच बसले आहेत. त्यांनी ते बूच आज रात्री गिझर लावण्यापूर्वी काढावे; त्याला पान्हासुद्धा लागत नाही.