तेल येत नाही? पंपाला हात सगळ्यात शेवटी

(दृश्य: लकडगंज, आरा मशीनचा आवाज)

नागपूरचा लाकूडबाजार. पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या असतात, त्यामुळे मे महिन्यात, ऊन ४५ अंशांच्या घरात असताना, इथल्या मिस्त्रींकडे चेन सॉ, म्हणजे साखळीवर चालणाऱ्या पेट्रोल करवती, येऊन पडतात. आज बाकावर एक जुनं मशीन आहे.

"पेट्रोल संपलं भाऊ, पण तेलाची टाकी भरलेलीच हाय," गिऱ्हाईक सांगतं.

मिस्त्रींना एवढं पुरतं. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत चेनच्या तेलाचीही जवळजवळ संपायला हवी. संपली नाही म्हणजे चेन कोरडी पळाली. चेन ज्या पट्टीभोवती फिरते, तिची कड काळी-निळी पडलीय, ती त्यामुळेच.

गिऱ्हाइकाला नवा पंप हवाय. मिस्त्री ऐकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पंप क्वचितच जातो. बहुतेक वेळा तेलाचा रस्ता तुंबलेला असतो.

(दृश्य: पट्टी जवळून)

पट्टीच्या मागच्या टोकाला तेलाचं बारीक भोक असतं. भुसा आणि तेल मिळून त्यात घट्ट लगदा बसतो. तार घालून तो काढला. मग पट्टी-चेन बाजूला ठेवून इंजिन चालू केलं, रेस दिली. बॉडीवरच्या भोकातून तेल यायला हवं. आलं नाही.

टाकीचं झाकण सैल करून पुन्हा पाहिलं. तेल बाहेर जाईल तशी आत हवा शिरावी लागते; हवेची वाट बुजली, तर थोड्या वेळाने तेल थांबतं आणि झाकण सैल करताच सुरू होतं. इथे तेही नाही. टाकीतली नळी आकड्याने ओढून काढली. जाळी स्वच्छ, रबर कुठेही चिरलेलं नाही.

आता क्लच, म्हणजे इंजिनची ताकद चेनपर्यंत नेणारा भाग. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोरी सोडली, म्हणजे पिस्टन अडकून बसतो. इथे आटे उलटे असतात, हे न कळल्याने कितीतरी क्लच तुटतात. क्लच निघाल्यावर चेन फिरवणारा ड्रम आणि त्यामागे वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दातांचा गिअर, दिसतो. इंजिनच्या फिरण्यावर तो पंपाचा छोटा पिस्टन फिरवतो. पिस्टनवरच्या तिरक्या खाचेमुळे तो फिरता फिरता पुढे-मागे होतो आणि तेल ढकलतो. साधं यंत्र आहे, पण डोकं लावून केलेलं.

(दृश्य: मिस्त्रींच्या तळहातावर गिअर)

प्लास्टिकचे दात पार झिजलेत. पंपाचा पिस्टन मात्र बोटाने सहज फिरतो. गिऱ्हाइकाचा पंपाचा खर्च वाचला. टाकीत मात्र काळं जळकं ऑइल आहे, त्यात धातूची कणी. फुकट मिळतं म्हणून लोक तेच ओततात.

टाकी पेट्रोलने धुतली, नवा गिअर बसवला. या मॉडेलमध्ये गिअरला एक तारेचं टोक असतं, ते ड्रमच्या खाचेत बसायलाच हवं. चुकलं तर ड्रम फिरेल, गिअर जागेवरच. मिस्त्री बोटाने चाचपून पाहतात, मगच क्लच आवळतात.

पट्टी उलटी लावली, म्हणजे झीज दोन्ही कडांना सारखी. नवं तेल भरलं. पट्टीचं टोक पुठ्ठ्यापासून थोडं वर धरून रेस दिली, आणि पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली.

"पाहून घ्या," मिस्त्री म्हणतात. "अन् रातभर ठेवल्यावर खाली चार थेंब दिसले तं परत घेऊन येऊ नका. ते होतेच."