भाऊ, जरा उजळ काढा

(सांगलीत फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

गावभागात मी ३० वर्षं स्टुडिओ चालवला. त्या काळात सगळ्यांत जास्त कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, "भाऊ, पोरगी सावळी हाय, जरा उजळ काढा." स्थळासाठी केलेल्या बायोडाट्यात 'वर्ण' असा रकाना असतो. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, फार तर सावळा. 'काळा' हा शब्द मी तिथे लिहिलेला पाहिला नाही.

मी उजळ काढून देत होतो. कृष्णधवलच्या दिवसांत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायची. शिसं बसलं की तिथून कागदावर उजेड कमी पोचतो आणि प्रिंटवर ती जागा पांढरट उमटते. तासन्‌तास चालायचं ते काम. पुढे कॉम्प्युटरवर ते मिनिटात व्हायला लागलं.

तासगावकडच्या एका आईला मी मुलीचा असाच फोटो करून दिला होता. मुलाकडचे आले, पोहे खाल्ले, आणि उठताना म्हणाले, "फोटोतली मुलगी ही नव्हं." ती आई माझ्याशी भांडली नाही. फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "हा कुणाचा हाय? माझ्या पोरीचा द्या की."

गोरेपणाचं वेड जाहिरातींनी जन्माला घातलं असं मी म्हणणार नाही. आपल्या आज्याही गोरी सून शोधत होत्या. पण त्या वेडाला ट्यूबमध्ये भरून त्याची किंमत ठरवली ती जाहिरातींनी. १९७५ साली फेअर अँड लव्हली बाजारात आली. पुढे टीव्हीवर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली: उदास सावळी मुलगी, मग क्रीम, मग नोकरी नाहीतर नवरा. जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे एएससीआयने, २०१४ मध्ये नियम केला की सावळ्या माणसाला लग्नात, नोकरीत कमी दाखवायचं नाही, क्रीम लावण्याआधीचा चेहरा दुःखी दाखवायचा नाही. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेल्यावर जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला, आणि २०२० मध्ये क्रीमच्या नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. नाव बदललं हे चांगलंच झालं. पण आजही विश्रामबागच्या चौकातल्या साडीच्या फ्लेक्सवरची नवरी बघा. सांगलीच्या स्टँडवर एसटीतून उतरणाऱ्या मुलींत तशी एक तरी दिसते का?

हे आपल्यापुरतं नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पिअर्स साबणाच्या जाहिरातीत काळं मूल अंघोळ करून गोरं होताना दाखवलं होतं.

आता आपल्या धंद्याचं ऐका, कारण हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये कोडॅकचं एक कार्ड असायचं, 'शर्ली कार्ड'. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची कातडी बरोबर उमटली की रंग बरोबर! गडद कातडीचे बारकावे त्या काळच्या फिल्मवर नीट येतच नव्हते. त्यात सुधारणा झाली, पण तक्रारी केल्या होत्या चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी. त्यांचा तपकिरी रंग नीट दिसत नव्हता म्हणून. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि उजेड मोजणारा मीटर? पांढऱ्या भिंतीपुढे सावळी मुलगी उभी केली की मीटर भिंतीला फसतो, उजेड कमी घेतो, आणि मुलगी असते त्याहून काळी येते. मग आम्ही तिला खोडून गोरी करायचो. चूक आमची होती, शिक्षा तिच्या चेहऱ्याला.

त्या आईला मी दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन यायला सांगितलं. पांढरा पडदा काढला, मागे गडद निळा लावला. मुलीला खिडकीच्या कडेला बसवलं, मीटर थेट तिच्या गालाजवळ धरला. निगेटिव्हवर पेन्सिल लावली नाही. कपाळावर, गालाच्या हाडावर जी चमक आली ती गोऱ्या कातडीवर मला कधी मिळाली नव्हती. आईने फोटो बराच वेळ हातात धरला आणि आणखी चार प्रती मागितल्या.

कॅमेरे आणलेत ना? चला, त्या खिडकीपाशी. आधी गालावर मीटर धरायला शिकू.