बंद चेनकव्हर काढू की ठेवू?

नमस्कार मंडळी. हातात काय आहे बघा, मोटरसायकलच्या जुन्या चेनमधली एक पिन, ग्राइंडर मारून सुटी केलीये. थांबा, कॅमेऱ्याजवळ धरतो. दोन्ही टोकांना नीट गोल आहे, पण मध्ये एका बाजूनं खाल्लीये बघा, नख फिरवलं तर चक्क पायरी लागते. गॅरेजमध्ये म्हणतात ना "चेन वाढलीये", ते हे. लोखंड काय रबरासारखं ताणलं जात नाही, पिन आणि तिच्याभोवतीचा बुश, म्हणजे छोटी नळी, झिजतो, एकेका जोडात केसाएवढी फट पडते, आणि अशा शंभरेक फटी एकत्र झाल्या की चेन लोंबायला लागते.

आता हे होतं किती भराभर, तर एक हिशोब करू. समजा मागच्या चाकाचा घेर १.९ मीटर, मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चाकाला, ४२ दात आणि चेन ११० लिंकची. ताशी ६० किलोमीटरला चेन सेकंदाला साधारण सव्वातीन-साडेतीन फेऱ्या मारते, आणि प्रत्येक जोड एका फेरीत चार वेळा वाकतो-सरळ होतो, म्हणजे सेकंदाला तेरा-चौदा वेळा. तेल असेल तर ठीक. पण त्या तेलावर धूळ बसली की काय होतं? उघड्या चेनवरचं ते काळं राड बोटांत घेऊन चोळून बघा, करकर लागतं, पॉलिश पेपर पातळ करून लावल्यासारखं. ते पिन-बुशमध्ये शिरतं आणि मग आपण वरून आणखी स्प्रे मारतो, म्हणजे आणखी धूळ चिकटवायची सोयच की!

बंद कव्हरचं काम एवढंच, मागच्या चाकानं उडवलेला चिखल, पाणी, वाळू आत येऊ द्यायची नाही आणि तेल धुऊन जाऊ द्यायचं नाही. काही नवीन शोध नाही हा, १९५८ च्या होंडा सुपर कबला पूर्ण बंद कव्हर होतं. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीवाल्यांनी तर चेन पुढून मागे रबरी नळ्यांतूनच नेली होती, दिसायला विचित्र, पण मला जाम आवडतं ते डोकं.

मग स्पोर्ट्स बाइकला का नसतं? एक तर लुक, दुसरं वजन, आणि तिसरं म्हणजे तिथे ओ-रिंग चेन असते, पिनभोवतीचं ग्रीस रबरी रिंगांनी आतच कोंडलेलं. तिला उघडं राहणं बऱ्यापैकी सोसतं. साध्या चेनला नाही सोसत, आणि लोक नेमकं साध्या चेनच्या गाडीचं कव्हर काढून "स्पोर्टी" करतात. मीही केलंय हां, हसू नका. एक पावसाळा चेन उघडी ठेवली, दर आठवड्याला ताण द्यावा लागायचा, शेवटी पुढच्या स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकडे झाले आणि चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असं अख्खं किटच बदलावं लागलं, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर तीही लवकर जाते.

पण कव्हरचा एक मोठा तोटा आहे, चेन दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कोणी बघत नाही. आत कोरडीठाक, गंजलेली, आणि मालक निवांत. बऱ्याच कव्हरांना एक रबरी बूच असतं, ते काढून बोटानं चेन वर-खाली हलवून बघायची, किती सैल चालते ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. त्याच भोकातून चाक हातानं फिरवत, इंजिन बंद ठेवून हां, साध्या चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल सोडा, थेंब थेंब, धार नाही.

झीज मोजायची तर कव्हर उतरवावंच लागतं. ४२८ या मापाच्या चेनची पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, १२.७ मिलिमीटर, म्हणजे ताणून धरलेल्या २० पिच २५४ भरायला पाहिजेत. २५९ च्या आसपास आल्या म्हणजे दोन टक्के वाढ, मी तिथेच किट बदलतो.

आणि कव्हर उतरवलंच आहे तर खालचं पाणी जायचं भोक तारेनं मोकळं करा, माझ्या गाडीचं चिखलानं इतकं बुजलं होतं की उघडल्यावर आतून वाटीभर काळं पाणी सांडलं, पायावरच. परत बसवताना स्क्रू सगळे लावा. एक राहिला तरी कव्हर थरथरतं, चेन घासते आणि तुम्ही इंजिनातला आवाज शोधत बसता.