आधी चेंडू वाचा, मग सही

क्रिकेटप्रेमी सही बॅटवर घेतो. लाल चामड्यावर शाई उठत नाही. बेसबॉल पांढरा, त्यामुळे तिथे सही थेट चेंडूवर, आणि दोन शिवणी जिथे एकमेकींच्या सर्वात जवळ येतात त्या कोऱ्या पट्टीवर. तिला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. एकट्या खेळाडूची सही तिथेच हवी. पूर्ण संघानं सह्या केलेल्या चेंडूवर मात्र ती जागा परंपरेनं मॅनेजरची, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची.

जुना चेंडू विकत घेताना सगळ्यांची नजर आधी सहीकडे जाते. माझं म्हणणं, आधी छापील मजकूर वाचा. अमेरिकेतलं सर्वोच्च बेसबॉल म्हणजे मेजर लीग, आणि तिच्यात अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग. 1999पर्यंत या दोन्ही लीगचे चेंडू वेगळे असत आणि प्रत्येकावर त्या-त्या लीगच्या अध्यक्षाची छापील सही असे. 2000पासून दोन्हींना एकच चेंडू आला, त्यावर मेजर लीगचे तेव्हाचे कमिशनर (प्रमुख) बड सेलिग यांची छापील सही. विख्यात खेळाडू मिकी मँटल 1995 मध्ये गेले. सेलिगच्या चेंडूवर त्यांची सही असेल तर ती खोटीच. त्यांच्याही आधीचे महान खेळाडू बेब रूथ 1948 मध्ये गेले, आणि वॉरन जाइल्स नॅशनल लीगचे अध्यक्ष झाले 1951 मध्ये. पुढचं तुम्हीच जुळवा. कंपनीचं नावही बोलतं: रॉलिंग्जनं मेजर लीगचा चेंडू पुरवायला सुरुवात केली 1977 मध्ये, त्याआधी स्पॉल्डिंग होती. चामडंसुद्धा 1974 मध्ये घोड्याचं जाऊन गाईचं आलं.

एवढ्यानं खोटं पकडता येतं, खरं सिद्ध होत नाही. जुने कोरे चेंडू आजही मिळतात, आणि सराईत भामटा तेच वापरतो. म्हणून त्यानंतर दहापट भिंग घ्या आणि तिरपा उजेड टाका. सवयीनं केलेल्या सहीत वेग असतो. रेघ कुठे दाबलेली, कुठे हलकी, शेवट निमुळता. पाहून काढलेली सही सावकाश असते. रेघ सगळीकडे सारखी जाड, मध्येच कंप, टोकं बोथट, नको तिथे पेन उचललेलं. आणि किंमत फार आकर्षक असेल तर थांबाच. एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा सापडले होते!

स्वतः सही घेणार असाल तर निळं बॉलपेन द्या. मार्करची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांत अक्षरांच्या कडा धूसर होतात. शाई वाळेपर्यंत चेंडू फक्त शिवणीवर धरा.

पूर्वी सही टिकावी म्हणून चेंडूला लाखेचा थर देत. तो पिवळा-तपकिरी पडतो. काढायला जाऊ नका, थराबरोबर शाईही जाते.

जपणूक सोपी आहे, पण रोजची. ऊन मुळीच नको. अतिनील किरण अडवणारी ॲक्रिलिक पेटी असली तरी खिडकीपासून लांब ठेवा. हवेतली आर्द्रता 40 ते 50 टक्के ठीक. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते, तेव्हा पेटीसह चेंडू हवाबंद डब्यात ठेवून सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दमट झाल्या की बदला.