इम्फाळचं हरिकेन, मुक्काम सांगली

[दृश्य : टेबलावर उघडा पुठ्ठ्याचा खोका. करड्या प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले सुटे भाग.]

खोक्यावरच्या चित्रात विमान ढगांतून झेपावतंय आणि चारही तोफांतून आग निघतेय. झाकण उघडलं की आत एवढंच : करड्या प्लास्टिकच्या चार-पाच चौकटी, छोट्या पिशवीत कॉकपिटच्या पारदर्शक काचा, सूचनांचा कागद आणि खुणांची एक पातळ पट्टी.

हे हॉकर हरिकेन, मार्क टू-सी, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं जोडायचं मॉडेल. प्रमाण 1/48, म्हणजे खऱ्या विमानाचा एक फूट इथे पाव इंच. खऱ्या हरिकेनचे पंख टोकापासून टोकापर्यंत 40 फूट भरायचे. इथे ते बरोब्बर 10 इंच. वैमानिक उभा केला तर साडेतीन सेंटिमीटरचा.

प्रमाण हा शब्द आपण तसा सैलच वापरतो. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि तोफेपेक्षा मावळ्याची ढाल मोठी असते, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र बिघडतं. पंखावर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड बसला, तर खऱ्या विमानावर कुणीतरी पाच मिलिमीटरचा गिलावा केल्यासारखं होतं.

[दृश्य : विश्रामबागमधलं घर. जिन्याखालची खोली. भिंतीवर कानशी, पटाश्या, गुण्या.]

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या या काकांना अशा हिशेबाची सवय आहे. पलूस-किर्लोस्करवाडी पट्ट्यातल्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. पंपाची बॉडी ओतायची तर आधी तिचा लाकडी पॅटर्न लागतो, आणि तो पंपापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. बिडाला मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर, ॲल्युमिनियमला 13 च्या आसपास, पोलादाला 20 धरतात. पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते, हा आकस तिच्या खुणांतच धरलेला असतो. तसली एक जुनी पट्टी अजून काकांच्या खणात आहे. विमानाला तिचा काही उपयोग नाही. ती टाकवत नाही, इतकंच.

चौकटीवरचा प्रत्येक भाग ते उजेडाकडे तिरका धरून बघतात. प्लास्टिकचं किट म्हणजे शेवटी ओतकामच. वितळलेलं पॉलिस्टायरिन दाबानं पोलादी साच्यात भरतात आणि ते गोठलं की पिना ढकलून बाहेर काढतात. त्यामुळे ओतकामाचे सगळे आजार इथेही असतात. दोन साचे मिळतात तिथे बारीक रेघ उठते, ती पार्टिंग लाइन. पिन टेकते तिथे गोल ठसा राहतो. जिथे प्लास्टिक जाड, तिथे आतला भाग उशिरा थंड होतो, आकसतो आणि वरच्या पृष्ठभागाला आत ओढून घेतो. पंखाच्या मुळाशी तसा एक खळगा आहे. आपल्याला तो दाखवूनही दिसत नाही. काका त्यावरून नख फिरवतात आणि म्हणतात, ‘‘हे बघ, इथं बसलंय.’’

ते हे सांगतायत शेजारच्या मुलीला. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करते. दुपारी कॉलेज सुटलं की इथे येते, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे कामापेक्षा प्रश्न जास्त करते.

तिचा पहिलाच प्रश्न अडचणीचा होता. हे विमान कुणाचं?

[दृश्य : खुणांची पट्टी. लाल ठिपक्याची ब्रिटिश वर्तुळं.]

किटमधल्या खुणा इंग्लंडमधल्या एका स्क्वाड्रनच्या आहेत. हरिकेन म्हटलं की जगाला 1940 चं इंग्लंड आठवतं आणि ते गैरही नाही. सिडनी कॅम यांनी आराखडा केलेलं हे विमान 6 नोव्हेंबर 1935 ला पहिल्यांदा उडालं, पुढे 14 हजारांहून जास्त हरिकेनं बनली आणि ब्रिटनच्या लढाईत त्यांनी मोठा भार उचलला. पण 1944 उजाडेपर्यंत युरोपात ते जुनं झालं होतं, आणि नेमकं तेव्हाच ते भारतीय वैमानिकांच्या हातात सगळ्यात जास्त राबत होतं. ब्रह्मदेशच्या किनाऱ्यालगतच्या आराकानवर मेहर सिंग यांची 6 नंबरची स्क्वाड्रन हरिकेनवर टेहळणी करत होती. मेहर सिंग यांना त्या कामगिरीसाठी डी.एस.ओ. हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. दुसऱ्या महायुद्धात हा मान मिळालेले भारतीय हवाई दलाचे ते एकमेव अधिकारी. इम्फाळला 1 नंबरची स्क्वाड्रन होती, अर्जन सिंग यांच्या हाताखाली. जपानी सैन्यानं इम्फाळला वेढा घातला असताना ही स्क्वाड्रन तिथूनच उडत राहिली. जून 1944 मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांनी अर्जन सिंग यांच्या छातीवर डी.एफ.सी. हे शौर्यपदक लावलं ते तिथेच, आघाडीवर.

काकांनी इम्फाळ निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये, 22 ते 26 तारखांना, इम्फाळच्या ईशान्येला सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढत होती. ती रेजिमेंट भरती करायची ती सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण याच मुलखातून. खाली आपल्याकडची पोरं, वर हे विमान. आणि बाजारात मिळणाऱ्या खोक्यात त्याचा मागमूस नाही. इम्फाळचं हरिकेन हवं असेल तर ते आपलं आपण घडवायचं.

[दृश्य : जवळून. ब्रशच्या टोकावरून जोडाच्या फटीत द्रव शिरतो.]

सुरुवात कॉकपिटपासून होते, कारण विमानाचे दोन अर्धे एकदा जोडले की आत हात जात नाही. सीट, दांडी, यंत्रांची पाटी हे सगळं आधी रंगवून घ्यायचं. आतला रंग करडा-हिरवा. एवढ्या कामापैकी पुढे काचेतून दिसणार नखाएवढं.

मग जोडणी. हा गोंद खरं तर गोंद नाहीच. तो प्लास्टिक विरघळवतो. दोन अर्धे हातात एकमेकांना टेकवून धरायचे आणि फटीच्या तोंडाशी ब्रश नुसता लावायचा. द्रव आपोआप फटीतून पळत जातो, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक मऊ होतं आणि एकजीव होतं. काच मात्र यानं लावायची नाही, ती खराब होते. झटपट चिकटवणारा गोंदही नको, त्याच्या वाफेनं काचेवर पांढुरकी धूर धरते. काचेला आपला पांढरा फेव्हिकॉल.

[दृश्य : विमानाचं नाक खालून. दोन छोटे ठोकळे, एक लाकडाचा, एक राखाडी.]

उष्ण, धुळीच्या मुलखात जाणाऱ्या हरिकेनच्या हनुवटीखाली धूळ गाळणारा एक फिल्टर बसवत. लांबट, फुगीर, विमानाचं रूप बिघडवणारा. या किटमध्ये तो नाही. मुलगी म्हणाली, काका, मी कॉम्प्युटरवर कॅडमध्ये काढते, थ्रीडी प्रिंट करून आणते. काका काही बोलले नाहीत. त्यांनी सागाचा एक तुकडा घेतला आणि पटाशीनं तासायला बसले.

दोन दिवसांनी टेबलावर दोन फिल्टर होते. लाकडी जास्त देखणा, यात वाद नाही. पण विमानाच्या पोटाला तो एका बाजूनं केसभर उचललेला. प्रिंट केलेल्याचा आकार चपखल, फक्त अंगावर थरांच्या रेघा. काकांनी दोन्ही आलटून पालटून लावून बघितले आणि मुलीचा घेतला. ‘‘रेघा काय, लांबी भरून घासता येतात,’’ म्हणाले. रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची. परदेशी ट्यूबपेक्षा स्वस्त आणि आमच्या मते काकणभर सरसच. वर पाणी लावून 600, 800 आणि मग 1200 नंबरचा पेपर.

तोफांच्या नळ्यांचं उत्तर मात्र औषधाच्या दुकानात सापडलं. खरी तोफ 20 मिलिमीटरची. भागिले 48, म्हणजे नळीचं भोक 0.42 मिलिमीटर हवं. 22 गेजच्या इंजेक्शनच्या सुईचं आतलं भोक 0.41 असतं. चार नव्या सुया. दुकानदारानं कशाला म्हणून विचारलं, काकांनी विमानाला म्हणून सांगितलं. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

[दृश्य : पाऊस. आयर्विन पूल, खाली फुगलेली कृष्णा.]

जुलै लागला आणि काम थांबलं. रंगातलं थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर त्या गारव्यावर पाणी धरतं आणि लॅकर पांढुरकं पडतं. एनॅमल तर वाळायचं नावच घेत नाही. सांगलीत पावसाळ्यात असल्या कामाला एकच उपाय, दसऱ्याची वाट बघणं. तोवर जोडलेलं विमान आणि बाकीचे खोके माळ्यावर जातात. 2005, 2019, 2021 चं पाणी बघितलेल्या या शहरात मौल्यवान वस्तू कुठे ठेवायची हे कुणाला शिकवावं लागत नाही.

[दृश्य : ऑक्टोबरचं ऊन. कॉम्प्रेसर सुरू होतो. एअरब्रशचा फवारा.]

आधी अस्तर. करड्या अस्तराचा हात बसला की सगळे दोष वर येतात, म्हणून पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. मग पोटाला करडा, पाठीवर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. डब्यातला रंग जसाच्या तसा मारायचा नाही, त्यात किंचित फिका मिसळायचा. आपण दहा इंचांचं विमान हातभरावरून बघतो, पण ते मोठं विमान दुरून पाहिल्यासारखं दिसायला हवं, आणि दुरून रंग फिकट दिसतात. किती फिका मिसळायचा याचं प्रमाण काका सांगत नाहीत. चमच्याच्या पाठीवर मारतात, अंगणात नेऊन बघतात, पुन्हा येतात.

मग ती वर्तुळं. इम्फाळच्या आकाशात लाल ठिपका चालणार नव्हता, कारण जपानी विमानांची खूणच लाल गोल. लढाईच्या धांदलीत लाल दिसला की आपलाच माणूस आपल्यावर गोळी झाडणार. म्हणून 1943 पासून या आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंग काढून टाकला आणि गडद निळ्यात फिका निळा अशी वर्तुळं आली. मुलीला वाटलं होतं, भारतीय विमान म्हणजे तिरंगी गोल. तो 1950 नंतरचा. पंखांवरचे रुंद पांढरे पट्टेही इथे नाहीत. ब्रह्मदेशातल्या विमानांच्या चित्रांत ते हमखास असतात, पण ते वेढा उठल्यानंतरचे.

निळी वर्तुळं काकांनी डेकलनं, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायच्या छापील खुणांनी, न लावता रंगवली. कंपासला पातं बांधून चिकटपट्टीतून गोल कापले, आधी फिका, मग त्यावर झाकण ठेवून गडद. बाकीच्या बारीक अक्षरांना डेकल आहेत. त्यासाठी अंगावर चकचकीत वॉर्निश हवं, कारण खरबरीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि रुपेरी डाग दिसतो. कोमट पाणी, अर्धं मिनिट, मग चिमट्यानं न उचलता ब्रशनं सरकवायचं. सगळं बसलं की वरून मॅट, आणि चकाकी जाते.

[दृश्य : पंखाच्या मुळाशी रुपेरी खरचटे.]

आता विमान नवंकोरं दिसतं, आणि इम्फाळला नवंकोरं काहीच नव्हतं. या टप्प्यावर बऱ्याच जणांचा तोल जातो. रुपेरी रंगात स्पंज बुडवून सगळ्या अंगावर खरचटे काढतात. दिसतं छान. पण हरिकेनचं कॉकपिटमागचं अंग धातूचं नाहीच. लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून त्यावर डोप, म्हणजे कापड ताठ करणारा लेप, चढवलेला असे. शेपटीही कापडाची. तिथला रंग उडाला तर खाली ॲल्युमिनियम दिसणार कुठून? खरचटे हवेत ते पंखावर, नाकाच्या पत्र्यांवर आणि डाव्या बाजूला पंखाच्या मुळाशी, जिथे पाय ठेवून वैमानिक चढतो आणि मेकॅनिक दिवसभर उभा राहतो. काकांनी एवढेच केले, पेन्सिलीच्या टोकानं. एक्झॉस्टच्या मागे काजळी, तोफांच्या तोंडाशी धूर, चाकांना धूळ. धूळ म्हणजे शाळेचा खडू, किसून.

डोलकाठीपासून शेपटीपर्यंत एरियलची तार ताणायला मुलीनं प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून केसासारखी ओढून ठेवली होती. ती लागलीच नाही. तोवर व्हीएचएफ रेडिओ आले होते, तारेची गरज उरली नव्हती, काठी तेवढी राहिली. एवढा सुरेख धागा वाया गेला म्हणून ती जरा नाराज होती.

[दृश्य : काचेवरची पट्टी निघते. विमान चाकांवर उभं राहतं.]

हरिकेनची चाकं रुंद पसरलेली. स्पिटफायरपेक्षा ते जमिनीवर जास्त स्थिर, कच्च्या धावपट्टीवर ही मोठी सोय. धावपट्टीचा विषय निघाला की सांगलीजवळच्या कवलापूरला विमान कधी उतरणार, हा सांगलीकरांचा जुना प्रश्न निघतोच. काका म्हणाले, ‘‘हे उतरेल की. ह्याला काय, माळ पुरतो.’’

विमान पूर्ण झालं तरी काकांनी त्याला कपाटात जागा दिलेली नाही. टेहळणीला हरिकेन एकटं जात नसे. जोडी असायची. पुढचा वैमानिक खाली जमीन बघायचा, रस्ते, नदीकाठ, झाडांखालची वाहनं. मागचा डावी-उजवीकडे वळसे घेत वर आकाशावर नजर ठेवायचा. त्यामुळे दुसरा खोका मागवलाय. तो मुलगी करणार आहे. फिल्टर तिनं तेव्हाच दोन प्रिंट करून ठेवले होते.